आप्पांचं टिंग

त्या दिवशी सकाळी निरीक्षकसाहेबांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात कात्रीने कापली, तिच्या चारही कडा पट्टी लावून तपासल्या आणि ती सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. खातं सुटलं तरी पट्टी काही सुटली नव्हती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही खोट्या वजनावर खरा शिक्का मारला नाही, आणि ही गोष्ट ते न विचारता सांगत. विचारण्याची वेळ त्यांनी कोणावर येऊच दिली नाही.

जाहिरात होती ती ‘सात दिवसांची रजा’ या सिनेमाच्या संगीताची. पन्नास वर्षांनी ते मूळ टेपवरून, सगळी खरखर काढून, नव्याने रेकॉर्डवर येणार होतं. ‘आजवर कुणालाही ऐकू न आलेले बारकावे’ असं खाली ठळक अक्षरांत छापलं होतं.

“जुनी आहे की आपल्याकडे,” सासूबाई म्हणाल्या. “नवी कशाला आणखी?”

“आई, सोबत पुस्तिका आहे. तीत सगळ्या वादकांची नावं छापणार आहेत. आप्पांचंही येईल. मी आणतो छापून.”

सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. त्यांनी जाहिरातीची घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि पुन्हा भरतकाम हातात घेतलं. साहेबांनी याचा अर्थ आनंद असा लावला.

‘सात दिवसांची रजा’ माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. अकरा वर्षांत पहिल्यांदाच रजा मिळालेला एक पोस्टमास्तर बायकापोरांना घेऊन डोंगरातल्या हॉटेलात जातो, हॉटेल बंद असतं, आणि हॉटेलवाला लाजेकाजेस्तव ते त्यांच्यासाठी उघडतो, एवढीच त्याची गोष्ट. वर्षाखेरीच्या सुट्टीत तो दरवर्षी टीव्हीवर लागतो. ज्यांना आवडतो ते बघतात आणि ज्यांना आवडत नाही ते बघून नावं ठेवतात.

या सिनेमाच्या सुरुवातीच्या धुनीत साहेबांच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ट्रायँगल वाजवला होता. आप्पा टपालखात्यात पत्रं लावण्याच्या कामावर होते आणि हौस म्हणून वाजवत. रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी वाद्यवृंदातल्या नेहमीच्या ट्रायँगलवाल्याला गालगुंड झालं आणि कोणाच्या तरी ओळखीने आप्पांना बोलावणं आलं. काम अवघड नव्हतं. लोखंडी त्रिकोण दोऱ्याला लटकवून हातात धरायचा, एकशे अकरापर्यंत मनात मोजत गप्प उभं राहायचं आणि एकशे बाराला छोट्या सळईने एकदा, फक्त एकदा, टिंग करायचं. आप्पांची संगीतातली कारकीर्द तिथेच सुरू झाली आणि तिथेच संपली. पण घराण्याला ती पुरली.

दरवर्षी सुट्टी लागली की घरात ती जुनी रेकॉर्ड निघे. पंखा बंद, नळ बंद, पोरांची तोंडं बंद. आप्पा खुर्चीत ताठ बसत. धून सुरू होई, आणि बरोबर एक मिनिट एक्कावन्न सेकंदांनी आप्पा उजव्या हाताचं बोट वर करत. टिंग. त्यानंतर लगेच, जरा हळू, आणखी एक टिंग येई. ती आप्पांच्या मनगटाची खासियत, असं घरातले सगळे सांगत. सिनेमात मात्र हे टिंग ऐकू येत नसे, कारण नेमकी त्याच वेळी पोस्टमास्तरीणबाईंच्या हातून कपबशा पडतात. दुसऱ्यांच्या रेकॉर्डींवरही म्हणे ते नव्हतं. त्यांच्या रेकॉर्डी निगा न राखल्यामुळे झिजल्या, यावर घरात एकमत होतं.

आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. टिंग चालू होतं. आता बोट कोणी वर करत नसे, सगळे नुसते रिकाम्या खुर्चीकडे बघत. आणि खरं सांगायचं तर त्या टिंगचा सगळ्यांत जास्त अभिमान घरच्या मुलीला नसून जावयाला होता. साहेबांच्या स्वतःच्या घराण्यात ऐकू जाईल असं कोणी काही केलं नव्हतं. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी ही रेकॉर्ड वाजवून दाखवली, तेव्हाच त्यांनी मनातून होकार भरला होता. बायको त्यांना आजही म्हणते, की तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

नवी रेकॉर्ड आली त्या संध्याकाळी साहेबांनी इमारतीतल्या बारा जणांना बोलावलं. समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर आले, पहिल्या मजल्यावरचे वकील आले, वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई आल्या. ज्यांना बोलावलं नव्हतं ते दोघेही आले. साहेबांनी प्रास्ताविक केलं. खात्यातून निरोपादाखल मिळालेलं सेकंद मोजायचं घड्याळ हातात घेतलं आणि रेकॉर्ड लावली.

आवाज खरोखरच उजळला होता. व्हायोलिनवाल्यांनी पानं उलटलेली ऐकू येत होती. एक मिनिट चाळीस. बायकोने पदर सावरला. एक मिनिट पन्नास. साहेबांनी डोळे मिटले.

एक मिनिट एक्कावन्नला काही झालं नाही. बावन्नलाही नाही. पुढे बासरी आली, मग सगळा ताफा आला आणि धून संपली.

“झालं का?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. “की व्हायचंय?”

साहेबांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. तीन वेळा ठेवली. तिसऱ्या वेळी न बोलावलेल्यांपैकी एक जण म्हणाला, की त्याला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण ते भिडेखातर होतं हे सगळ्यांना कळलं. साहेबांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. “साफ करता करता माझ्या आप्पांनाच साफ केलं मेल्यांनी,” ती म्हणाली. सासूबाई उठल्या आणि चहाचं बघते म्हणून आत गेल्या.

माणूस अडचणीत आला की शेजारी त्याला सल्ल्याशिवाय ठेवत नाहीत. वकील म्हणाले, पहिली गोष्ट म्हणजे कोणाशी बोलू नका, आणि मग स्वतःच दीड तास बोलले. गणिताच्या बाईंनी कंपनीला पत्र लिहायला सांगितलं, पण त्यात भावना नकोत, फक्त आकडे हवेत. दातांच्या डॉक्टरांना वाटलं, की आधी जुनी रेकॉर्ड तपासावी. ते तिला दवाखान्यात घेऊन गेले, खुर्चीवर झोपवली, वरचा दिवा लावला आणि डोळ्यांना भिंग चढवून बराच वेळ बघत राहिले.

“साहेब, इथे एक बारीक खड्डा आहे,” ते म्हणाले. “लागून आणखी एक, त्याहून लहान. भरून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे.”

“हात लावू नका,” साहेब म्हणाले. पन्नास वर्षांच्या रेकॉर्डला खड्डा असणारच, त्यात दाखवण्यासारखं काय आहे, असं वाटून ते थोडे दुखावलेही. रेकॉर्ड छातीशी धरून ते घरी आले. वाटेत जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला वाटलं, की डॉक्टरांनी साहेबांचा दात काढला.

कंपनीच्या तक्रार अर्जात चारच रकाने होते. आवाज कमी, आवाज जास्त, आवाज नाही, वेष्टन फाटके. ‘एक टिंग नाही’ असा रकाना नव्हता. साहेबांनी नाइलाजाने ‘आवाज नाही’ वर खूण केली. आठ दिवसांनी कंपनीने नवीन रेकॉर्ड पाठवली. तिच्यातही टिंग नव्हतं. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा रेकॉर्ड आली. तिसऱ्या वेळी रेकॉर्ड न येता एक गृहस्थ आला, त्याने साहेबांचा स्पीकर उघडला, आतली धूळ झाडली आणि ‘आवाज आहे’ असं लिहून त्यावर साहेबांची सही मागितली. साहेबांनी ‘आवाज आहे, टिंग नाही’ अशी दुरुस्ती करून सही केली. त्या दुरुस्तीमुळे प्रकरण वरच्या कार्यालयात गेलं.

वरच्या कार्यालयातून ‘वादक दावा अर्ज’ आला. त्यात वादकाची सही हवी होती. वादक हयात नसल्यास तसं नमूद करून, वादकाच्या सहीने तसं कळवावं, अशी खाली टीप होती. साहेबांनी स्वतः बत्तीस वर्षं असेच अर्ज लोकांना दिले होते, त्यामुळे त्यांना राग आला नाही, उलट माणसं ओळखीची वाटली. त्यांनी टीप लाल शाईने अधोरेखित केली आणि वकिलांकडे गेले.

वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा तोडगा काढला. आम्ही खाली सह्या करणारे, सदर टिंग जुन्या रेकॉर्डवर आमच्या कानांनी ऐकलं आहे, असं बारा जणांनी लिहून द्यायचं. सगळ्यांनी येऊन ऐकलं आणि सह्या केल्या. गणिताच्या बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

“मी दोन ऐकले,” त्या म्हणाल्या. “एकच लिहिलंय. मी खोट्यावर सही करत नाही.”

खोट्यावर सही न करणारी व्यक्ती समोर बघून साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी ताबडतोब घड्याळ काढून मोजमाप घेतलं. प्रतिज्ञापत्र नव्याने टाइप झालं. ‘एक मुख्य टिंग, व त्यानंतर एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांनी एक दुय्यम टिंग.’ मग पहिल्या अकरा जणांच्या सह्या परत घ्याव्या लागल्या. त्यातला एक जण मुलीकडे गेला होता, तो येईपर्यंत बारा दिवस गेले. या सगळ्या काळात सासूबाई एकदाच बोलल्या.

“जाऊ द्या ना आता,” त्या म्हणाल्या. “नाव छापून येऊन त्यांना काय करायचंय?”

“त्यांना नाही, आई. पण तुम्हाला शब्द दिलाय,” साहेब म्हणाले.

अखेर बोलावणं आलं. मूळ टेप ऐकवू, अमुक दिवशी अकरा वाजता या. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, प्रतिज्ञापत्राची फाइल घेतली, घड्याळ घेतलं. बायको म्हणाली मीही येते, पण कंपनीच्या पत्रात ‘एक व्यक्ती’ असं होतं, आणि पत्रात जे लिहिलंय ते साहेब मोडत नसत.

आवाज साफ करण्याचं काम एका बाईंनी केलं होतं. वय पस्तिशीचं, गळ्यात हेडफोन, टेबलावर तीन चष्मे. खोलीच्या भिंतींना मऊ गाद्या लावलेल्या होत्या, त्यामुळे साहेबांना स्वतःचा आवाज दबल्यासारखा वाटला. बाईंनी प्रतिज्ञापत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हसल्या नाहीत. ‘एक पूर्णांक आठ दशांश’ या आकड्यावर मात्र त्यांचं बोट थांबलं.

“हे तुम्ही मोजलंत?”

“खात्याच्या घड्याळाने,” साहेब म्हणाले. “मागच्याच वर्षी तपासून घेतलंय.”

“बरोबर मोजलंय,” बाई म्हणाल्या. “साहेब, अशा रेकॉर्डला एक फेरी पूर्ण करायला एवढाच वेळ लागतो. बरोबर एवढाच. तुमच्या रेकॉर्डवर खड्डा आहे. शेजारच्या दोन रेघांना लागलेला. म्हणून दोनदा वाजतं.”

साहेबांना डॉक्टरांचं भिंग आठवलं. खोटं वजन पकडल्यावर दुकानदार जसा शांतपणे पारड्याकडे बघत राहतो, तसे ते टेपच्या चाकाकडे बघत राहिले. पन्नास वर्षं अख्खं घराणं एका खड्ड्यापुढे पंखे बंद करून बसलं होतं, आणि तो खड्डा आपण स्वतः दशांशापर्यंत मोजून, बारा साक्षीदारांसह, टाइप करून आणला होता.

“मी काहीही काढलेलं नाही,” बाई हलकेच म्हणाल्या. “पण तुमचे आप्पा आहेत टेपवर. ऐकायचंय?”

त्यांनी धून संपण्याच्या जरा आधीपासून टेप लावली. शेवटचा सूर विरला. कोणीतरी खाकरलं. मग एक भारदस्त आवाज आला, तो संगीतकाराचा असावा.

“ट्रायँगल कुठे होता?”

“मोजत होतो, साहेब.” हा आवाज बारीक होता, तरुण होता, आणि आप्पांचाच होता.

“किती झाले?”

“एकशे अकरा झाले होते. मग यांचं पान उलटलेलं ऐकू आलं, आणि... चुकलंच, साहेब.”

वाद्यवृंद हसला. कोणी टाळ्याही वाजवल्या. “असू दे,” भारदस्त आवाज म्हणाला, “वेळ संपली. हेच ठेवा.” पुढे खुर्च्या सरकल्याचे आवाज होते, आणि सगळ्यांत शेवटी, खोली जवळजवळ रिकामी झाल्यावर, एक स्वच्छ, एकटं टिंग होतं. पिशवीत ठेवताना सळई लागली असेल.

साहेबांनी ते पुन्हा ऐकवायला सांगितलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते नेमकं कोणासाठी हे त्यांना ठरवता येईना.

बाईंनी एक छापील कागद पुढे केला. “हजेरीपटावर सही आहे त्यांची. दुसऱ्या छपाईत नाव घालू आम्ही. एवढं भरून द्या.” कागदावर लिहिलं होतं, ‘वरील वादकाने सदर धुनीत वाद्य वाजवले असल्याचे मी प्रमाणित करतो.’ साहेबांनी पेन काढलं, टोपण काढलं, टोपण परत लावलं.

“घरून पाठवतो,” ते म्हणाले.

घरी पोचले तेव्हा बायको बाजारात गेली होती. सासूबाई खिडकीशी भरतकाम करत होत्या. साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली, पाणी प्यायले, आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हणाले, की टेप जुनी आहे, नीट कळत नाही.

“नाहीच ना सापडलं?” सासूबाई म्हणाल्या. “सापडेल कसं? ते तिथे नव्हतंच कधी.”

साहेब बसले.

“त्या दिवशी घरी आले ते न बोलताच बसले,” सासूबाई सांगू लागल्या. “दोन दिवस जेवले नाहीत धड. सगळे हसले गं मला, एवढंच म्हणाले. अख्ख्या टपालखात्यात सांगून बसले होते ना, सिनेमात वाजवणार म्हणून. पुढे कंपनीने प्रत्येक वादकाला एकेक रेकॉर्ड पाठवली, तशी आपल्याकडेही आली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. ते कामावर गेले की मी लावायची. कुठे यायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. घरात आठवडाभर मोजत फिरत होते, मलाही पाठ झालेलं. एकशे बारा म्हटलं की सुई उचलायची आणि जागा बघून ठेवायची. मग ही,” त्यांनी हातातली भरतकामाची सुई वर केली, “ही टोचली. अशी जोरात नाही. नुसती टेकवायची.”

“पहिल्याच फटक्यात?” साहेबांच्या तोंडून निघून गेलं. हा प्रश्न जावयाचा नव्हता, खात्याचा होता.

“छे. आधी सराव केला. घरी एक कवायतीची रेकॉर्ड होती, तिची पार चाळण झाली. आणि यावरही शेवटी हात जरा हललाच. म्हणून दोनदा वाजतं ते.”

“आणि आप्पांना?”

“सुट्टी लागली तेव्हा मीच म्हटलं, लावू या की एकदा. नको नको म्हणत बसले. ते वाजलं तसे माझ्याकडे बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मग परत लाव म्हणाले. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा बोट वर केलं.” सासूबाईंनी दोरा दातांनी तोडला. “त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आणि बघा, मी वाजवलं असं ते आयुष्यात एकदाही कोणाला म्हणाले नाहीत. नुसतं बोट वर करायचे. म्हणायचे ते बाकीचेच.”

साहेबांनी आठवून बघितलं. खरं होतं. म्हणणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

“हिला सांगू नका,” सासूबाई म्हणाल्या. “तिचा बाप आहे तो.”

साहेब आपल्या टेबलाशी गेले. छापील कागद काढला, तीनदा वाचला. बत्तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला त्यांना अंदाजे चार मिनिटं लागली. घड्याळ लावलेलं नसल्याने नक्की सांगता येत नाही. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पाकीट स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या तोंडात बोटं घालून ते अडकलं तर नाही ना, हेही बघितलं.

दुसऱ्या छपाईची पुस्तिका सुट्टीच्या आदल्याच दिवशी आली. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, आप्पांचं नाव होतं आणि पुढे ‘ट्रायँगल’. बायकोने ते पान सगळ्या इमारतीला दाखवलं. संध्याकाळी बाराही जण हजर झाले, न बोलावलेले दोघेही. पुस्तिका नव्या रेकॉर्डची असली तरी साहेबांनी लावली ती जुनीच. मूळ टेपमध्येच दोष निघाला, अस्सल नमुना जगात एकच आहे आणि तो आपल्याकडे आहे, असं त्यांनी खात्याच्या आवाजात जाहीर केलं. वकिलांनी मान डोलावली. दातांच्या डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी ते आपलं आपणच बंद केलं.

पंखा बंद झाला. धून सुरू झाली. साहेबांनी घड्याळ काढलं नव्हतं, ते मनात मोजत होते. एकशे दहा. एकशे अकरा. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी बोट वर केलं. टिंग.

बायकोने चमकून नवऱ्याकडे बघितलं. बाकीचेही त्याच बोटाकडे बघत होते. त्यामुळे लगेच दुसरं, जरा हळू टिंग आलं तेव्हा सासूबाईंनी मांडीवरच्या हाताचं एक बोट किंचित उचललं, ते फक्त साहेबांना दिसलं.